पक्कं म्हणजे भाजलेलं

मे महिन्यात राजूरला जाऊ नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी निघतं आणि मी नेमका मे महिन्यातच तिथे जाऊन पोचतो. या वेळचं निमित्त होतं घर. काकांचा फोन आला, "ये बाप्पा एकदा. घराचं काय ते ठरवून टाकू." ठरवायचं एवढंच होतं, की आबाजींनी बांधलेलं मातीचं घर पाडून स्लॅबचं घर बांधायचं की नाही. म्हणजे काका-काकूंचं ठरलेलंच होतं. प्रश्न फक्त माझ्या सहीचा होता.

राजूर म्हटलं की लोकांना जालन्याकडचा राजूरचा गणपती आठवतो, नाहीतर अकोले तालुक्यातलं राजूर. आमचं राजूर तिसरं. यवतमाळ जिल्हा, तालुका वणी. सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडी ‘राजूर कॉलरी’. गावाची ओळख दोन गोष्टींची, एक काळी आणि एक पांढरी. काळा कोळसा आणि पांढरा चुना. लहानपणी शाळेच्या सुट्टीत इथे आलो, की संध्याकाळी पाय धुताना पाणी आधी काळं आणि मग पांढरं व्हायचं, असं मी पुण्यातल्या मित्रांना सांगायचो. थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

तर त्या रात्री मी नेहमीप्रमाणे ‘तज्ज्ञ’ होऊन बसलो. दिवसभर ऊन मी म्हणत होतं. मागच्या बाजूला काकांनी काही वर्षांपूर्वी एक स्लॅबची खोली काढली आहे, तिथे रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. पुढच्या जुन्या खोलीत दोन फूट जाडीची मातीची भिंत, तिला हात लावला तर गार. मी लगेच व्याख्यान सुरू केलं. दहा-बारा सेंटिमीटरच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता साधारण तीन तासांत आत उतरते, म्हणजे आपण जेवून झोपायला जातो तेव्हा छत अजून तापलेलंच असतं. जाड मातीच्या भिंतीला तेच काम करायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे दुपारची झळ आत पोचते ती पहाटे, आणि तोवर बाहेरची हवाच थंड झालेली असते. आपले पूर्वज किती हुशार वगैरे वगैरे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू पुण्यात बसून सांगतं मातीचं घर चांगलं हाय म्हणून. दर आठ दिवसाले सारवते कोन? पावसाळ्याच्या अगोदर कवेलू फेरते कोन? तुह्या बायकोले बोलाव एक डाव सारवाले, मंग बोलू."

मी गप्प. (बायको तिथे नव्हती म्हणून वाचलो.)

पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. परतीच्या प्रवासात आणि नंतरच्या दोन-तीन वीकांतांत जे काही वाचलं, जुळवलं, ते इथे मांडतो आहे. सुरुवात एका शब्दापासून.

*

आपण ‘पक्कं घर’ आणि ‘कच्चं घर’ म्हणतो. पक्कं म्हणजे मजबूत, कायमचं, असा अर्थ आपल्या मनात असतो. पण हा शब्द ‘पक्व’वरून आला आहे. पक्व म्हणजे शिजलेलं, भाजलेलं. आंबा पिकतो तोही पक्व, आणि भट्टीत भाजलेली वीट तीही पक्व. थोडक्यात, पक्कं घर म्हणजे ज्याचा माल आगीतून निघाला आहे असं घर. आणि कच्चं म्हणजे न भाजलेलं.

हे एकदा लक्षात आलं की घराकडे बघायची नजर बदलते. प्रत्येक पक्क्या घरात कुठेतरी आग आहे. वीट भाजताना लागलेली, चुना भाजताना लागलेली, सिमेंट, लोखंड, काच, सगळ्यांची आग. ती आग कशावर जळली आणि तिचा धूर कुठे गेला, हाच ‘पर्यावरणपूरक घर’ या भारदस्त शब्दामागचा खरा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारायला राजूरइतकं योग्य गाव मला दुसरं माहीत नाही. कारण इथे भाजायचा दगडही जमिनीत आहे आणि भाजायचं इंधनही.

वणीच्या परिसराची भूगर्भरचना मजेशीर आहे. खाली पैनगंगा समूहाचा चुनखडक, अतिप्राचीन, ज्या काळात जमिनीवर झाडंच काय, गवतही नव्हतं त्या काळातला. त्यानंतरचे गोंडवन काळातले थर, त्यांत कोळसा. आणि आणखी पश्चिमेला गेलं की दख्खनचा काळा बेसॉल्ट सुरू होतो. चुनखडक आणि कोळसा एकाच तालुक्यात, हा योग फार ठिकाणी नाही.

१९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नावच वणी होतं, इंग्रजांच्या दप्तरात ‘वून’. नंतर ते यवतमाळ झालं. कोळशासाठी इंग्रजांनी वर्धेचं खोरं आधीच हेरलं होतं. पलीकडे वरोऱ्याला १८७१ मध्ये खाण सुरू झाली, ती १९०६ पर्यंत चालली. १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे ब्रिटिश काळातच माजरीपासून वणीमार्गे राजूरपर्यंत रेल्वेचा फाटा आला. कोळसा बाहेर नेण्यासाठी रूळ टाकले आणि गावाच्या नावापुढे ‘कॉलरी’ लागलं ते कायमचंच. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी झाली. तिच्या वणी भागातल्या एका खाणीचं नाव आहे कुंभारखणी. म्हणजे तिथून कोळसा निघायच्या आधी कधीतरी कुंभार माती काढत असणार, असं मला आपलं वाटतं. नावं अशी चुगली करतात.

*

आता चुना. आबाजी भट्टीवर कामाला होते, म्हणून हे मला त्यांच्याकडून ऐकून माहीत, रसायनशास्त्र नंतर शाळेत शिकलो.

उभी, विहिरीसारखी पण जमिनीच्या वर बांधलेली भट्टी. वरून एक थर दगडाचा, एक थर कोळशाचा, पुन्हा दगड, पुन्हा कोळसा. मधे आग. खालच्या तोंडातून भाजलेला चुना काढत राहायचा, वरून भरत राहायचं. एकदा पेटली की भट्टी दिवसरात्र चालते. साधारण ९०० अंश सेल्सियसला चुनखडक फुटतो, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते ती चुनकळी. गणित सोपं आहे: १०० किलो शुद्ध चुनखडकातून ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. दगड हातात हलका लागला म्हणजे पुरता भाजला, ही आबाजींची खूण होती. त्यांना ४४ हा आकडा माहीत नव्हता, पण तळहाताला माहीत होता.

चुनकळीवर पाणी टाकलं की ती फुत्कारते, उकळते, फुटते. तो विरलेला चुना. मग त्यात वाळू, भाजलेल्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी, कधी गूळ, कधी हिरड्याचं पाणी, कधी बेलफळाचा गर. हे सगळं दगडी चाकाच्या घाणीत बैल लावून मळायचं. जुन्या किल्ल्यांवर त्या घाण्यांची चाकं अजून पडलेली दिसतात. गोंड राजांनी चंद्रपूरचा कोट बांधला, मराठ्यांनी वाडे बांधले, ते या चुन्यावर. त्याआधी यादवकाळात, तेराव्या शतकाच्या आसपास, आपल्याकडे हेमाडपंती देवळं झाली, त्यांत तर चुनाही नाही. दगडात दगड अडकवून नुसत्या वजनावर उभी. आमच्या भाषेत सांगायचं तर एकही बाहेरची लायब्ररी न वापरता लिहिलेला प्रोग्रॅम.

चुन्याची खरी गंमत पुढे आहे. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडक बनतो. दगडातून निघालेला तो ४४ किलो वायू महिन्या-वर्षांत, जाड भिंतीत दशकांत, बराचसा परत येतो. दगड, चुना, पुन्हा दगड. ‘रोलबॅक’ होणारा व्यवहार!

हे वाचल्यावर मी खूश झालो. वाटलं, सापडलं उत्तर. चुना हिरवा, सिमेंट काळं, आणि आमचं राजूर हिरव्या बाजूला. दोन दिवस याच धुंदीत होतो.

मग कागदावर हिशेब मांडला आणि धुंदी उतरली. कारण परत येतो तो दगडातला वायू. भट्टीत जळलेल्या कोळशाचा धूर कोणतीही भिंत परत घेत नाही, तो गेला तो गेलाच. शिवाय किलोला किलो बघितलं तर भट्टीच्या तोंडाशी चुना सिमेंटपेक्षा जास्तच वायू सोडतो, कारण चुन्यात सगळाच माल चुनखडकाचा, सिमेंटच्या क्लिंकरमध्ये तो साधारण दोन-तृतीयांश. आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच हिशेबात येत नाही: आबाजींचा खोकला. चुन्याची भुकटी डोळ्यांत गेली की काय होतं ते ज्याच्या गेली त्यालाच विचारावं. बायका टोपल्या भरून चुना वाहायच्या, बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यांना तेल लावून रात्री झोपायच्या. पर्यटक म्हणून चुन्याचा वाडा बघताना ‘किती नैसर्गिक’ म्हणणं सोपं आहे. भट्टीजवळ राहणाऱ्यानं ते म्हणू नये.

*

मग सिमेंट कुठून आलं? १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. पोर्टलंड हा तिकडचा एक प्रतिष्ठित दगड, त्याच्यासारखं दिसतं म्हणून हे नाव, म्हणजे निव्वळ मार्केटिंग. चुनखडक आणि चिकणमाती एकत्र करून, आजच्या पद्धतीत साधारण १४५० अंशांपर्यंत भाजायचं. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं, पाठोपाठ कटनी आणि लाखेरी. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली.

चुना हरला तो मुख्यतः वेळेच्या मुद्द्यावर. चुन्याचं बांधकाम आठवडे-महिने घेतं, सिमेंट दुसऱ्या दिवशी घट्ट. चुना मळायला माणूस, बैल आणि धीर लागतो, सिमेंटला पोतं फोडलं की झालं. ज्या देशाला धरणं, कारखाने आणि कोट्यवधी घरं घाईनं हवी होती, त्यानं सिमेंट निवडलं यात नवल नाही. उलट इतकी मागणी, की सिमेंट परमिटवर मिळायचं. माझ्या वडिलांच्या पिढीला हे पक्कं आठवतं. त्याच सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली होती! त्याच वर्षी नियंत्रण अर्धवट उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण.

आणि मग आमच्या शेजारी कारखान्यांची रांग लागली, कारण चुनखडक आणि कोळसा त्यांनाही तेवढाच हवा. घुग्घुसला एसीसी आधीपासून होतीच. १९८३ मध्ये आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आला, गडचांदूरला माणिकगड आलं. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, वणीच्या दक्षिणेला मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनचा कारखाना सुरू झाला. म्हणजे राजूरच्या छोट्या भट्टीनं ज्या दगडावर संसार केला, त्याच दगडावर आता अजस्र भट्ट्या चालतात.

सिमेंटचा हिशेब असा. क्लिंकरमध्ये साधारण ६५ टक्के चुना असतो. तेवढ्या चुन्यामागे चुनखडकातून उडणारा वायू धरला तर टनाला अर्धा टन, इंधनाचा वेगळा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा, असं म्हणतात तो याच गणितातून. इथे सौर ऊर्जा वापरूनही सगळं सुटत नाही. दगडातला वायू आग कशाचीही असली तरी निघणारच.

सिमेंटही थोडा वायू परत घेतं, पण तिथे वेगळीच पंचाईत. काँक्रीटनं कार्बन डायऑक्साइड घेतला की त्याचा क्षारपणा कमी होतो, आणि त्या क्षारपणानंच आतली सळई गंजण्यापासून वाचलेली असते. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटचे टवके पडतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी इमारतींची छतं आज सळया दाखवत उभी आहेत ती यामुळे. ‘पक्कं’ म्हणजे कायमचं, हा समज इथे फुटतो.

आमच्या घरातही एक धडा आहे. नव्वदच्या दशकात काकांनी दक्षिणेकडच्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. गवंड्यानं ‘शंभर वर्षं बघायला नको’ म्हणून सांगितलं. दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघाले, आणि जाताना मातीही घेऊन गेले. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, तिला श्वास लागतो. सिमेंटनं तिचं नाक दाबलं. तिथे चुन्याचा गिलावा हवा होता. आणि चुनाभट्टीच्या गावात तो कोणालाच सुचला नाही, कारण तोवर चुना म्हणजे जुनं, गरिबांचं, असं सगळ्यांच्या मनात बसलं होतं.

*

इथे एका वेगळ्या माणसाची आठवण काढावी लागते. राजूरपासून शंभरेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे (तेव्हाचं शेगाव) राहायला गेले. आदि निवास, मीराबेननं उभी केलेली बापू कुटी: मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, रुंद ओसरी. मे महिन्यात तिथे जाऊन बसा, मग वादविवाद करा. पुढे लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाला गांधीजींनी सांगितलं होतं, की घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधलं जावं. बेकरनी पुढे केरळात वर्षानुवर्षं तेच केलं. वर्ध्यातच १९७६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांचं कमानी छत लोकांसमोर ठेवलं. ना सळई, ना लाकूड.

पण पाच मैलांचा नियम राजूरला लावून बघा. पाच मैलांत माती आहे, दगड आहे, चुना आहे आणि कोळसाही आहे! म्हणजे अंतर कमी म्हणून घर हिरवं, असं होत नाही. नियमाचा आत्मा बघावा लागतो: जवळचं वापरा, आणि शक्यतो न भाजता वापरा.

उलट पाच मैलांच्या जरा पलीकडे, पन्नासेक किलोमीटरवर, एक असा माल पडून आहे जो आधीच भाजून झाला आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र. पहिला संच १९८३ मधला, आजची क्षमता २,९२० मेगावॅट. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के, त्यामुळे राखेचे डोंगर. १९९९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, की औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांनी किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे. ही मर्यादा पुढे वाढत गेली. राख, चुना आणि जिप्सम मिसळून भट्टीशिवाय पिकणारी वीट विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांनी रुजवली. यात राख काय करते? जे आपल्या आजोबांच्या चुन्यात सुरखी करायची तेच. भाजलेली माती चुन्याशी जुळते आणि दगडासारखी होते. रोमन लोक तिथे ज्वालामुखीची राख घालायचे, आपण विटांचा चुरा घालायचो, आता चंद्रपूरची राख.

याच कल्पनेची ताजी आवृत्ती म्हणजे चुनखडक आणि भाजलेल्या चिकणमातीचं सिमेंट, ज्याला एलसी-थ्री म्हणतात. स्वित्झर्लंडच्या संस्थेबरोबर आपल्या दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी यात आहेत, आणि २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. यात क्लिंकर निम्म्यावर, बाकी ८००-एक अंशांवर भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेल्या चुनखडकाची भुकटी. वायू साधारण ४० टक्क्यांनी कमी. म्हणजे शेवटी फिरून आपण कुठे आलो? कमी भाजा, आणि कच्च्यालाही कामाला लावा.

*

आता काकूंच्या प्रश्नाकडे.

मला इतके दिवस वाटत होतं, की लोकांनी मातीची घरं सोडली ती जाहिरातींना भुलून. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मातीच्या घराची देखभाल करणारे हात फुकट होते, आणि ते बायकांचे होते. सारवण, पोतेरं, भिंती लिंपणं, पावसाळ्याआधीची लगबग. मातीचं घर ‘स्वस्त’ होतं कारण हे श्रम कुणी मोजलेच नाहीत. आमच्या धंद्यात अशा प्रणालीला काय म्हणतात? चालवायला सोपी, फक्त रोज रात्री एकानं जागून ती सांभाळावी लागते. त्या ‘एका’ला कुणी कधी विचारलं नाही.

शिवाय माकडं. वऱ्हाडात ज्याचं घर कवेलूचं आहे त्याला विचारा. काका म्हणाले, "माकडायनं पुरा कवेलू फोडला यंदा. कुंभार कवेलू करत नाही आता, आनू कुठून?" म्हणून लोक टिन टाकतात, आणि टिनाखाली मे महिन्यात माणूस शिजतो. साप, विंचू, उंदीर, ओल, हे वेगळं.

आणि सरकारी व्याख्या. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत, ग्रामीण भागात, मैदानी प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले, किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर. कोणाचं घर कच्चं हे ठरलं २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून. त्या रकान्यांत मातीची भिंत आणि हातानं घडवलेले कवेलू ‘कच्चे’, आणि पत्र्याची भिंत, पत्र्याचं छत ‘पक्के’. दोन फुटांची गार भिंत कच्ची, भाजून काढणारा पत्रा पक्का! रकाना भरणाऱ्याचा दोष नाही, रकानाच तसा आहे. ज्याच्या झोपडीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं त्याला ते पक्कं घर मिळालंच पाहिजे, यात माझ्या मनात शंका नाही. प्रश्न इतकाच, की मजबूत आणि भाजलेलं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आपण त्यांना एकच शब्द दिला.

मी पुण्यात ज्या इमारतीत काम करतो तिला ‘ग्रीन’ असल्याचं प्रमाणपत्र आहे, दारातच लावलंय. सगळीकडून काच, आत बाराही महिने एसी. मला त्यात एक स्वेटर ठेवावा लागतो. राजूरच्या आबाजींच्या घराला प्रमाणपत्र मिळणार नाही, कारण ते ‘कच्चं’ आहे. असो.

*

शेवटी काय ठरलं? ऐका. (सही केली, पण अटींवर.)

पुढची जुनी खोली पाडायची नाही. तिला बांधायला जे काही जळायचं होतं ते केव्हाच जळून गेलं. उभी असलेली भिंत पाडून नवी बांधणं म्हणजे तीच किंमत पुन्हा मोजणं. दक्षिणेच्या भिंतीचा उरलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा. त्यासाठी वणीकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला शोधून काढलं, ज्याला अजून चुना कसा मुरवायचा ते येतं. त्याच्या मुलाला येत नाही.

काकूंची अट: सारवणार नाही. मान्य. जमिनीवर शहाबादी फरशी. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की शहाबादी म्हणजे चुनखडकच, फक्त न भाजलेला, नुसता कापलेला. पुसली की झालं. आठ दिवसांचं सारवण गेलं, भट्टी एकदाही पेटली नाही. हे मला सुचलं नव्हतं, काकूंना सुचलं.

छपरावर माकडांपुढे हार मानून टिन. पण टिनाखाली बांबूचा तट्टा आणि त्यावर मातीचा थर, जुन्या माळ्यासारखा, म्हणजे झळ थेट डोक्यावर येणार नाही. मागे दोन नवीन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी, राखेच्या विटांच्या, वर स्लॅब. होय, स्लॅब. काकांचं गुडघ्याचं दुखणं बघता दरवर्षी छपरावर चढायला कोण जाणार? सिमेंट राख मिसळलेलं घ्यायचं, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

आणि स्लॅबवर चुना. दर उन्हाळ्याआधी दोन हात, त्यात चिकटायला थोडा फेविकॉल. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि खालची खोली जरा तरी सुसह्य होते. अहमदाबादेत २०१७ पासून महापालिकेनं गरीब वस्त्यांची छतं अशीच चुन्यानं पांढरी करायला सुरुवात केली, त्याचं मी कौतुकानं सांगत होतो. काका मधेच म्हणाले, "अहमदाबादले कायले जातं? आपल्या भट्टीच्या कामगारायच्या घरावर पयलेपासून चुनाच राहे."

खरं आहे. भट्टीतून निघालेला फुटकळ, न विकला जाणारा चुना आबाजी पोत्यात घालून घरी आणायचे आणि छपरी, ओटा, भिंती सगळं पांढरं करायचे. मला वाटायचं दिवाळीसाठी करतात. पण आता आठवतं, ते काम ते करायचे होळीनंतर.